कमरेच्या उंचीवरचा अंदाज

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावर बसलेले विश्वस्त मंडळाचे प्रमुख, म्हणजे ज्यांना आपण सगळे आदरानं आणि थोडं घाबरून 'मोठे साहेब' म्हणतो ते मोठे साहेब, मुख्य परिचारिका, निवृत्तीनंतरही न चुकता प्रत्येक समारंभाला येणारे आपले जुने सर्जन, पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान, कन्या, जावईबापू आणि मघापासून माइकच्या वायरीवर डोळा ठेवून असलेली बाईंची नात, माझे सहकारी बंधुभगिनींनो, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या रेकॉर्डरूमच्या फूटपट्टीबाई!

बाई, रागावू नका. तुमचं कागदोपत्री नाव माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी नीट घेतलंय. मी घेतलं तर मागच्या रांगेतले वॉर्डबॉय एकमेकांना विचारतील, 'ह्या कोण?'

सूत्रसंचालक ताईंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटांत आटपेन असा माझा अंदाज आहे. पण माझे अंदाज कितपत खरे ठरतात, हे आज तुम्हाला सविस्तर कळणारच आहे, तेव्हा खुर्च्यांवर जरा सैल बसा.

आधीच सांगून टाकतो. मी बाईंचं कौतुक करायला उभा आहे, पण त्या कौतुकाच्या पोटात एक कबुली आहे. या रुग्णालयात गेली सात वर्षं एक काम माझ्या नावावर सांगितलं जातं. त्या कामावर मला कायम केलं गेलं, बढती मिळाली, दोन ठिकाणी भाषणाला बोलावणं आलं. ते काम माझं नाही. ते ऐकल्यावर मला प्रशासकीय अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसू द्यायचं की नाही, ते मोठ्या साहेबांनी ठरवावं. बघा, बाई आत्तापासूनच हात करून मला 'पुरे' म्हणतायत. बाई, अजून सुरुवात आहे. हात खाली ठेवा.

तर फूटपट्टीबाई. हे नाव कुणी ठेवलं, याबद्दल मतभेद आहेत. रक्त तपासणीवाले म्हणतात आम्ही, क्ष-किरणवाले म्हणतात आम्ही. कारण मात्र एकच. बाईंच्या एप्रनच्या खिशात एक फुटाची पोलादी पट्टी असायची. डॉक्टरांच्या गळ्यात जसा स्टेथोस्कोप, तशी ती. कुणी विचारलं, 'बाई, गेल्या वर्षीचे केसपेपर किती झाले हो?' तर आपण सांगू 'चार हजार', 'पाच हजार'. बाई सांगायच्या, 'एकशे सहा फूट.' नवा डॉक्टर चक्रावून जायचा. त्याला वाटायचं बाईंनी ऐकलं नाही, म्हणून तो मोठ्यानं परत विचारायचा. बाई तितक्याच मोठ्यानं सांगायच्या, 'एकशे सहा फूट!'

आणि त्यांची ती स्मरणशक्ती! एकदा एक म्हातारी आली. हातात चिठ्ठी नाही, नंबर नाही, साल आठवत नाही. काय आठवतं? तर 'माझ्या पलंगाशेजारी खिडकी होती आणि खिडकीची काच फुटलेली होती.' आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. बाई म्हणाल्या, 'काच फुटली ती वादळाच्या वर्षी. खिडकीशेजारचा पलंग म्हणजे स्त्री विभागातला सात नंबर. आजी, पोटाचं ऑपरेशन होतं का?' वीस मिनिटांत फाइल टेबलावर. म्हातारीनं बाईंची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली होती.

बाईंचे नियमही तसेच. रेकॉर्डरूममध्ये चहा न्यायचा नाही. फाइल पाठीला धरून ओढायची नाही, शेजारच्या दोन मागे ढकलायच्या आणि मग हवी ती धरायची. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला तर त्या अशा बघायच्या की त्याच्या तोंडातली थुंकी वाळून जावी. सर्जनसाहेब हसतायत. साहेब, तुम्हालाच एकदा त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, आठवतंय ना?

असो. आता सात वर्षांपूर्वीची गोष्ट.

त्या वेळी आपली रेकॉर्डरूम जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होती. चौसष्ट लोखंडी रॅक, प्रत्येकाला सहा कप्पे, छताला टेकलेले. ती इमारत चार महिन्यांत रिकामी करून द्यायची ठरली. कागद नव्या इमारतीत ठेवायला जागा नव्हती. तेव्हा विश्वस्त मंडळानं ठरवलं, सगळे जुने केसपेपर स्कॅन करून घ्यायचे, आणि मुदतीपर्यंत जे होतील ते झाले, उरलेला कागद लगद्याला द्यायचा. एका दानशूर गृहस्थांनी या कामासाठी एक ठरावीक रक्कम दिली होती. त्यापुढे एक छदाम मिळणार नव्हता. आता प्रश्न आला, कागद किती? काम घेणारी मंडळी पानामागे दर सांगत होती. पानं किती तेच माहीत नसेल तर त्या दराचं करायचं काय?

आणि अंदाज काढायचं काम आलं कुणाकडे? तुमच्या या सेवकाकडे.

मी तेव्हा लेखा विभागात नवा चिकटलो होतो. दोन वर्षांची परीक्षाधीन मुदत संपायला तीन महिने होते. घरी बायकोला सातवा महिना. कायम झालो नाही तर सासरेबुवांच्या किराणा दुकानात तराजू धरायला बसायचं, हे ठरलेलंच होतं. आणि अंगात काय ती रग! संगणकावर रंगीत आलेख काढता येतात म्हणजे जगातलं सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं. मुदत तीन दिवसांची होती. मी म्हटलं, तीन दिवस कशाला, एका दुपारचं काम आहे!

हिशेब सोपा होता. रजिस्टरात फायली पन्नास हजार. त्यातल्या वीस-पंचवीस काढायच्या, पानं मोजायची, सरासरी काढायची, पन्नास हजारांनी गुणायचं. झालं! मी रेकॉर्डरूममध्ये गेलो. उन्हाळ्याचे दिवस, तळमजला, पंखा एकच आणि तोही बाईंच्या टेबलावर. त्यात मी लग्नातली पँट घालून गेलो होतो. मंडळापुढे जायचं म्हणून इस्त्रीची. मी रॅकच्या मधून फिरलो आणि इथून एक, तिथून एक अशा पंचवीस फायली काढल्या. अगदी निष्पक्षपातीपणे! एका रॅकमधून एकच. डावीकडून, उजवीकडून, दाराजवळून, कोपऱ्यातून. मला वाटलं, याहून शास्त्रशुद्ध ते काय असणार?

बाई टेबलाशी बसून बघत होत्या. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "उभ्यानं मोजलंस का रे?"

"हो," मी अभिमानानं म्हणालो. "एकदाही बसलो नाही."

"मग एकदा वाकून मोज," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी बोलतंय. बाई, तेव्हा तुम्ही त्रेपन्न वर्षांच्या होतात, आणि मी आज पंचेचाळिशीकडे झुकलोय, तेव्हा 'म्हातारं' हा शब्द मी परत घेतो.

पंचवीस फायलींची सरासरी निघाली वीस पानं. पन्नास हजार गुणिले वीस, दहा लाख. आणि योगायोग असा की देणगीची रक्कम पानाच्या दरानं भागली तर तीही बरोबर दहा लाख पानांना पुरत होती! मी आनंदानं टेबल वाजवलं. अहवाल केला, तीन रंगांचा आलेख लावला, सही ठोकली. मंडळानं तो दहा मिनिटांत मंजूर केला. मोठे साहेब, तुम्ही त्या दिवशी माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि म्हणालात, 'पोरगा हुशार आहे.' ती थाप मला आठवडाभर जाणवत होती.

आठव्या दिवशी बाईंचा निरोप आला. खाली ये.

मी गेलो. बाईंनी मला चौदाव्या रॅकपाशी नेलं आणि म्हणाल्या, "बस." बसायला खुर्ची नव्हती. "खाली बस रे, जमिनीवर." बसलो. लग्नातली पँट नव्हती, नशीब. समोर सगळ्यात खालचा कप्पा. बाईंनी एका फायलीवर बोट ठेवलं. "काढ ती."

एका हातानं निघेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा मांडीवर आली. विटेसारखी जड. बावीस वर्षं आपल्याकडे येणारा एक वेल्डर होता, फुप्फुसाचा रुग्ण. त्याची फाइल. शेजारची मधुमेहाच्या एका शिक्षिकेची. तिच्या शेजारची जन्मापासून हृदयाला छिद्र असलेल्या एका मुलीची, जी आता कॉलेजात होती. मी मोजायला लागलो. एकशे चाळीस पानं. शंभरावर सहा. एकशे ऐंशी.

"बाई," मी म्हटलं, "ह्या अशा किती आहेत?"

"खालचे दोन्ही कप्पे असेच. चौसष्टच्या चौसष्ट रॅकचे."

"पण असं का?"

तेव्हा बाईंनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "जड फायली वर ठेवल्या तर रॅक कलंडतो. आणि वरून एखादी निसटली तर कुणाच्या डोक्यात पडेल. तीस वर्षं मी जड खाली लावतेय. तुझा हात सहज पोचतो तो कप्पा पातळ फायलींचा. एकदा आला, टाके घातले, घरी गेला, असा रुग्ण तिथे असतो."

मंडळी, कळलं का तुम्हाला काय झालं ते? मी चौसष्ट रॅक फिरलो, पण सगळ्या फायली कमरेच्या उंचीवरच्या काढल्या. वाकलो असतो तर इस्त्री मोडली असती. शिडीवर चढलो असतो तर धूळ लागली असती. इतका निष्पक्षपाती की पंचवीस रॅकमधून तीच चूक एकेकदा केली!

मग बाईंनी मला मोजायला शिकवलं. फाइल मोजायची नाही, फूट मोजायचे. कप्पा तीन फूट. पण फायली सैल उभ्या असतील तर तीन फुटांत अडीच फूटच कागद असतो, म्हणून आधी तळहातानं दाबून घ्यायच्या. मग वरच्या, मधल्या, खालच्या, प्रत्येक उंचीवरचा एकेक फूट काढून पानन् पान मोजायचं. पान कोरं आहे का, पाठपोट लिहिलंय का, याच्या रेघा वेगळ्या मारायच्या. आणि टाचण्या! मी टाचण्यांचा विचारच केला नव्हता. स्कॅन करणाऱ्यांना कागद सुटे लागतात. टाचण्या, दोरे, चिकटपट्ट्या कोण काढणार? बाईंनी घड्याळ लावून एका फुटातल्या टाचण्या मला काढायला लावल्या. पाऊण तास लागला आणि दोन बोटांना भोकं पडली.

नऊ दिवस आम्ही मोजत होतो. आकडा आला तो असा. साडेअकराशे फूट. फुटाला सरासरी पंधराशे कागद. म्हणजे सव्वासतरा लाख कागद. त्यातला एक तृतीयांश पाठपोट लिहिलेला. पानं झाली तेवीस लाख.

मी दहा लाख सांगितली होती.

मोठे साहेब, तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. मला बोलू द्या, शेवटपर्यंत.

बाईंनी तो आकडा कागदावर लिहिला तेव्हा मला घाम फुटला. बाईंच्या टेबलावरचा पंखा त्यांनी माझ्याकडे वळवला. आणि त्या वेळी मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "बाई, कुणाला कळणार आहे? ती माणसं वरून सुरुवात करतील, दहा लाख झाली की थांबतील. खालची जुनीपुराणी आहेत. कोण मागायला येतंय?"

बाई ओरडल्या नाहीत. वेल्डरची फाइल उचलून माझ्यासमोर ठेवली, तिचं सगळ्यात शेवटचं पान उघडलं आणि तारीख दाखवली. आदल्या आठवड्याची होती. "जाड फाइल म्हणजे जुनी नव्हे रे," त्या म्हणाल्या. "हा माणूस परत परत येतो म्हणून ती जाड झालीय. पुढच्या महिन्यात परत येईल. तेव्हा तू त्याला काय सांगणार आहेस? तुझा लगदा केला म्हणून?"

मी फाइल मिटून टेबलाच्या कडेला सरकवली.

मग मी दुसरी लाजिरवाणी गोष्ट केली. मी म्हटलं, "बाई, रेकॉर्डरूमकडून मला आकडा चुकीचा मिळाला असं सांगू का? तुम्ही कायम आहात. तुमचं काही बिघडणार नाही. माझी मुदत संपत आलीय, बायको..."

बाई म्हणाल्या, "खोटं मी बोलणार नाही. पण तू खरं बोलायला गेलास तर शेजारी बसेन."

त्यानंतरच्या दहा दिवसांत या बाईंनी जे केलं, त्याला मी अक्कल म्हणू की माया म्हणू, मला ठरवता येत नाही. पैसे वाढणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी प्रश्नच फिरवला. दहा लाख पानंच मिळणार आहेत ना? मग कुठली दहा लाख? फूटपट्टी खिशात घालून त्या प्रत्येक विभागात गेल्या आणि प्रत्येक डॉक्टरला एकच विचारलं, 'हा रुग्ण उद्या दारात आला, तर तुम्हाला यातलं कुठलं पान लागेल?' सर्जनसाहेब, तुम्ही म्हणालात, 'सगळं लागेल.' बाईंनी एक फाइल तुमच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाल्या, 'दाखवा.' तुम्ही चौदा पानं बाजूला काढलीत, बाकीचा ढीग परत दिलात. खरं की नाही? मान हलवतायत बघा.

असा विचारून विचारून हिशेब झाला. चाळीस हजार पातळ फायली. त्यांतल्या प्रत्येकीची दोनच पानं, पहिलं आणि घरी सोडतानाचं. ऐंशी हजार. दहा हजार जाड फायली. त्यांतलं कोरं, तीनतीनदा जोडलेले तेच तक्ते, औषधांच्या पावत्या काढून बाकी सगळं. नऊ लाख दहा हजार. बेरीज करा. नऊ लाख नव्वद हजार! दहा हजार पानं शिल्लक! मी बेरीज तीनदा केली आणि उठून बाईंच्या पाया पडलो. बाई म्हणाल्या, "पाया काय पडतोस? ती दहा हजार चूकभुलीला ठेव. तुझ्यासारखे आणखी असतील."

त्या दिवसापासून बाई मला 'अंदाजे' म्हणायला लागल्या. 'अंदाजे आलेत का?' 'अंदाजेंना चहा द्या.' तुम्ही सगळेही म्हणता. तुम्हाला वाटतं, माझे अंदाज अचूक असतात म्हणून हे कौतुकाचं नाव आहे. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

आता मंडळाची ती बैठक. अधीक्षक मॅडम घड्याळ बघतायत. मॅडम, पाच मिनिटं कधीच संपली, मला माहीत आहे, पण मी ज्याच्यासाठी उभा राहिलो ते आत्ताच येतंय.

बैठकीला जाताना जिन्यात बाई मला म्हणाल्या, "चूक झाली हे आधी सांग. मग उपाय सांग. उलटं करशील तर चूक सांगायची राहून जाईल."

मी म्हटलं, हो. अगदी मनापासून म्हटलं.

आत गेलो. लांबलचक टेबल, नऊ विश्वस्त, टोकाला मोठे साहेब. बाई माझ्या शेजारी. साहेब म्हणाले, 'काय नवीन आणलंय?' माझ्या हातात दोन कागद होते. वरचा चुकीचा, खालचा उपायाचा. आणि मंडळी, माझ्या हातानं खालचा कागद वर घेतला. मी म्हटलं, 'मंजूर रकमेतच अधिक उपयोगी स्कॅनिंग कसं करता येईल, त्याची सुधारित योजना आणली आहे.' वाक्य काय गुळगुळीत होतं! मी समजावून सांगितलं. विश्वस्त माना डोलावू लागले. साहेब, तुम्ही म्हणालात, 'वा! आधीचा अहवाल चांगला होता, हा त्याच्याहून चांगला!' टेबलावर थापा पडल्या. आता सांगू, मग सांगू, असं करता करता पुढचा विषय सुरू झाला. वाहनतळाचा.

निघताना साहेबांनी विचारलं, 'बाई, तुम्हाला काही सांगायचंय?' बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. आणि म्हणाल्या, "पानं वाचली साहेब, बरं झालं."

बाहेर आल्यावर मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. बाईंनी एवढंच विचारलं, "राहिलं ना?"

"राहिलं," मी म्हटलं.

"बरं. चल, टाचण्या काढायच्यात."

एवढंच. सात वर्षांत त्यानंतर एक अक्षर नाही. टोमणा नाही, उपकाराची आठवण करून देणं नाही. जवळजवळ तीन महिने तुम्ही सगळ्यांनी पाळ्या लावून तळमजल्यावर जमिनीवर बसून टाचण्या काढल्यात. परिचारिका, शिपाई, स्वयंपाकघरातल्या मावश्या, सगळ्या. मुदतीच्या आधी दोन दिवस काम संपलं. त्याआधीच, बैठकीनंतर महिन्याभरात, माझं कायमचं पत्र आलं होतं, आणि त्यात कारण लिहिलं होतं, 'स्कॅनिंग योजनेतील उल्लेखनीय कामगिरी.' त्याच आठवड्यात मुलगी झाली. पेढे की लाडू, काय वाटलं ते आठवत नाही, पण बाईंना मी दोनदा दिले. त्यांनी दोन्ही वेळा घेतले.

दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग तुम्हाला आठवत असेल. वेल्डरकाकांना बेशुद्धीत आणलं होतं, बरोबर फक्त शेजारी. त्या वेळच्या तरुण डॉक्टरीणबाई इंजेक्शन भरत होत्या. संगणकावर काकांची फाइल उघडली आणि अकरा वर्षांपूर्वीचं एक पान निघालं. हेच इंजेक्शन, आणि त्यानंतर थांबता थांबता वाचलेला श्वास. लाल शाईत लिहिलेलं. सुई तिथेच थांबली. काका आज मागच्या दाराशी उभे आहेत, बसायला सांगितलं तरी बसत नाहीत. काका, नमस्कार!

त्या प्रसंगानंतर याच सभागृहात माझा सत्कार झाला. मीच त्या योजनेचा जनक ना! मोठे साहेब भरभरून बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वरून पाहिलं तर शेवटच्या रांगेत बाई उभ्या होत्या, आणि टाळ्या वाजवत होत्या. मनापासून वाजवत होत्या हो! त्यांना खरंच काकांचा आनंद झाला होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, सत्कार झाला आणि तोंड का असं? तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'मला सांगून काय उपयोग? मी कुठे मंडळावर आहे?'

खरं आहे तिचं. म्हणून आज मंडळ समोर असताना सांगतो. पहिला अहवाल चुकीचा होता, तेरा लाख पानांनी चुकीचा, आणि तो माझा होता. दुसरा अहवाल बरोबर होता, आणि तो शब्दन् शब्द बाईंचा होता. त्यातलं माझं काय? टंकलेखन. बाईंनी मला खाली बसवलं नसतं, तर काकांचं ते लाल शाईचं पान सात वर्षांपूर्वीच लगद्यात गेलं असतं. माझ्या इस्त्रीपायी.

बाई, रडू नका. अहो, यजमान, त्यांना पाणी द्या.

तुम्ही म्हणाल, आजच का? खरं सांगतो, भीतीनं. उद्यापासून बाई रेकॉर्डरूममध्ये नसतील. त्या आहेत तोवर मला वाटायचं, निदान एका माणसाला तरी खरं माहीत आहे, आणि ते माणूस रोज माझ्याशी नीट बोलतंय. आता ते माणूस निघालं. मग या इमारतीत फक्त खोटं शिल्लक राहील आणि त्याच्यावर माझं नाव असेल. ते मला नको.

आता औपचारिक भाग. बाईंना रुग्णालयातर्फे, आणि माझ्यातर्फे मनापासून, निरोगी आणि आनंदी निवृत्तीच्या शुभेच्छा. नातीला फूटपट्टीनं मारू नका, तिला मोजायला शिकवा. मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, आयोजकांचे, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या भाऊंचे आणि माझं हे पाचपट लांबलेलं भाषण सहन करणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, थोरामोठ्यांची थट्टा मर्यादेबाहेर गेली असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला.

तेरा लाखांचं मात्र पोटात घालू नका. मंडळाचं इतिवृत्त लिहिणारे आमचे लिपिक तिसऱ्या रांगेत बसलेत. मोठे साहेब, तुमची परवानगी असेल तर हे त्यांनी लिहून घ्यावं. परवानगी नसेल तर तेही लिहून घ्यावं. दुसऱ्या अहवालाचं पहिलं पान मी आणलंय. त्यावर माझं नाव मी काट मारून खोडलंय आणि शेजारी जागा सोडलीय. बाई, पेन घ्या. आता नाही म्हणू नका हो. साहेबसुद्धा उभे राहिलेत.